मराठी चॅनलसाठी स्वतःचं प्रॉडक्शन हाऊस काढायचंय? मग गोष्टीआधी हिशेब मांडा

एकांकिका, शॉर्ट फिल्म, दोन-चार जाहिराती असं करत काही वर्षं गेली की बऱ्याच जणांच्या डोक्यात येतंच, की आता आपलंच प्रॉडक्शन हाऊस काढू आणि चॅनलला सिरियल नाहीतर एखादा रिअ‍ॅलिटी शो देऊ. विचार अजिबात चुकीचा नाही. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, सोनी मराठी, सन मराठी ही सगळी चॅनल्स रोज संध्याकाळी नवे एपिसोड दाखवतात आणि त्यातलं बहुतेक काम बाहेरची प्रॉडक्शन हाऊसेस करतात, म्हणजे दार बंद नाहीये. पण सुरुवात करताना सगळे गोष्ट घेऊन बसतात, हिरो कोण, हिरॉईन कोण, सासू कशी. माझं सरळ म्हणणं आहे की पहिले दोन आठवडे गोष्टीला हातच लावू नका, कागद घ्या आणि पैसा कधी जातो, कधी येतो ते मांडा. गोष्ट पन्नास एपिसोडनंतरही वळवता येते, पण ज्या लाइट दादाचे दोन महिन्यांचे पैसे थकलेत त्याच्या घरचं भाडं तुम्हाला मागे जाऊन भरता येत नाही.

आधी हे समजून घ्या की चॅनलबरोबरचं काम बहुतेक वेळा कमिशन्ड असतं. चॅनल तुम्हाला एपिसोडमागे ठरलेली रक्कम देणार, त्यात तुम्ही लेखक, कलाकार, सेट, कॅमेरा, एडिट, जेवण, गाड्या सगळं बसवायचं, उरेल तो तुमचा नफा, आणि तयार झालेल्या एपिसोडचे हक्क चॅनलचे. रिपीट टेलिकास्ट, ओटीटी, यूट्यूब, दुसऱ्या भाषेतला रिमेक यातून पुढे जे येईल ते करारात वेगळं लिहून घेतलं नसेल तर चॅनलकडेच जातं. ब्रिटनमध्ये २००३ च्या कायद्यानंतर स्वतंत्र निर्मात्यांना स्वतःच्या कार्यक्रमाचे हक्क जवळ ठेवता यावेत म्हणून चॅनल्सना नियमच घालून दिले गेले आणि तिथल्या छोट्या कंपन्या त्यावरच मोठ्या झाल्या. आपल्याकडे असा नियम नाही, त्यामुळे जे मिळवायचं ते टेबलावर बसून बोलूनच मिळवावं लागतं, आणि पहिल्या शोला सगळं मिळणार नाही हेही मान्य करून बसा.

आता हिशेब. आकडे मी फक्त समजावण्यापुरते धरतोय, तुमचे वेगळे असतील.

समजा एपिसोडचं बिल २ लाख आणि तुमचा खर्च १ लाख ८० हजार. आठवड्याला सहा एपिसोड, महिन्याचे २६. म्हणजे महिन्याचं बिल ५२ लाख, खर्च ४६ लाख ८० हजार, नफा ५ लाख २० हजार. कागदावर छान दिसतं. पण पेमेंट ९० दिवसांच्या क्रेडिटवर येतं असं धरा, इंडस्ट्रीत हे अगदी नेहमीचं आहे. पहिल्या महिन्याचं बिल महिना संपल्यावर लागणार, त्यानंतर तीन महिने थांबायचं, म्हणजे पहिला रुपया खात्यात पडेपर्यंत चार महिन्यांचा खर्च तुमच्या खिशातून झालेला असतो. चार गुणिले ४६ लाख ८०, झाले १ कोटी ८७ लाख २० हजार. यात सेट उभारायचा खर्च नाही, ऑन एअर जायच्या आधी जी एपिसोडची बँक शूट करून ठेवतो ती पण नाही. हे पैसे महिना एक टक्क्याने उचलले तरी महिन्याचं व्याज पावणेदोन लाखांच्या वर जातं, म्हणजे त्या ५ लाख २० हजारातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग व्याजातच गेला.

वर जीएसटी. प्रॉडक्शन सर्व्हिसवर १८ टक्के, ५२ लाखांच्या बिलावर ९ लाख ३६ हजार, आणि बिल लावलं की पुढच्या महिन्यात तो भरायला लागतो, चॅनलने पैसे दिले की नाही हे सरकार विचारत नाही. भाडं, कॅमेरा, एडिट वगैरेंवर तुम्ही भरलेला जीएसटी वळता होतो हे खरं, पण रोजंदारीवरच्या लोकांचे पैसे, छोट्या कलाकारांचं मानधन यावर जीएसटीच नसतो म्हणून वजावट तुम्हाला वाटते तेवढी येत नाही. टीडीएस कापूनच पैसे येतात तेही धरा. चांगला सीए, तोही मीडियाची कामं करणारा, हा तुमच्या टीममधला पहिला माणूस, दिग्दर्शक दुसरा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) पहिल्याच आठवड्यात करा, फुकट आहे, ऑनलाइन होतं. २००६ च्या एमएसएमई कायद्यात छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असं लिहिलंय आणि १ एप्रिल २०२४ पासून उशीर करणाऱ्या कंपनीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही. तुमचं काम यात कसं बसतं ते सीएला विचारा आणि सर्टिफिकेट चॅनलच्या व्हेंडर फॉर्मला पहिल्या दिवशीच जोडा. कायदा दाखवून भांडायला जा असं मी म्हणत नाहीये, पण क्रेडिट ९० वरून ६० किंवा ४५ वर आणायचं बोलणं करायला हातात काहीतरी पाहिजे ना. ॲडव्हान्स मागा, सेटसाठी वेगळी रक्कम मागा, लाजू नका, जुनी हाऊसेस मागतात आणि त्यांना मिळतं.

एवढे पैसे नसतील, आणि बहुतेकांकडे नसतातच, तर सरळ डेली सोपवर उडी मारू नका. एखाद्या जमलेल्या हाऊसबरोबर को-प्रोड्यूसर म्हणून जा, किंवा त्यांचं लाइन प्रॉडक्शन, म्हणजे शूटची रोजची व्यवस्था, घ्या, विशेषतः शूट तुमच्या जिल्ह्यात असेल तर. दिवाळी स्पेशल, पुरस्कार सोहळे, सकाळचे छोटे शो, सह्याद्रीसाठीचे कार्यक्रम, हे सगळे रस्ते चॅनलच्या दारापर्यंतच जातात. किंवा आधी यूट्यूबवर स्वतःचं काही उभं करा, भाडिपा या मराठी यूट्यूब चॅनलने २०१६ पासून तेच केलं आणि तिथे जे बनतं ते बनवणाऱ्याच्याच मालकीचं राहतं.

आयडिया चोरीला जाईल ही भीती

हे सगळ्यात जास्त विचारलं जातं म्हणून नीट सांगतो. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही. १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं, कल्पना कुणाचीच नसते, तुम्ही ती कशी मांडलीत ते तुमचं. त्यामुळे 'गावातली मुलगी शहरात येते' ही तुमची आयडिया नाहीच, ती हजार जणांची आहे. पण तुम्ही पात्रं, त्यांची नाती, पहिल्या वीसेक एपिसोडमधला कथेचा ट्रॅक, सीनची उदाहरणं असं तपशिलात लिहिलंत तर तिथे तुमचं काहीतरी तयार होतं.

आणि दुसरा आधार म्हणजे विश्वासाने दिलेली माहिती. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने झी टेलिफिल्म्स आणि सनडायल कम्युनिकेशन्सच्या खटल्यात छोट्या निर्मिती कंपनीच्या बाजूने निकाल दिला, त्यांनी कृष्णाच्या कल्पनेवरच्या सिरियलची कन्सेप्ट नोट चॅनलला दाखवली होती, ती लेखकांच्या संघटनेत रजिस्टर केलेली होती आणि कोर्टाने म्हटलं की गोपनीय म्हणून दिलेली माहिती अशी वापरता येणार नाही. त्याआधी २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर टीव्हीवर खऱ्या मुलीचं स्वयंवर लावायच्या रिअ‍ॅलिटी शोचा असाच वाद आला होता, तिथेही नीट विकसित केलेल्या कन्सेप्टला संरक्षण मिळालं. हे दोन्ही निकाल वकिलाकडून समजून घ्या, तुमच्यासारख्याच लोकांचे आहेत.

म्हणून करायचं काय, तर कन्सेप्ट नोट पाच-सात पानांची लिहा, स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये रजिस्टर करा (सभासद व्हावं लागतं, मग ऑनलाइन होतं), मीटिंगच्या आधी मेलवर पाठवा आणि मेलमध्ये लिहा की ही माहिती गोपनीय आहे, मीटिंग झाली की त्याच दिवशी 'आज अमुक कन्सेप्टवर बोललो' असा साधा मेल टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोटमध्ये अख्खी गोष्ट सांगून टाकू नका. आणि तुमच्याकडे येणाऱ्या लेखकाशी पण असंच वागा, त्याची नोट घेतली तर पोच द्या, वापरली तर पैसे आणि नाव द्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेखक-संगीतकारांच्या रॉयल्टीचा हक्क करारात लिहून काढून घेता येत नाही, जुने छापील कॉन्ट्रॅक्ट कुठूनतरी डाउनलोड करून त्यांच्यापुढे सह्यांना ठेवू नका प्लीज.

पिच करताना चॅनलचा फिक्शन हेड किंवा नॉन-फिक्शन हेड तुमची गोष्ट किती सुंदर आहे ते बघत नसतो, तो बघतो की हे साडेसातला कोण बघणार, समोरच्या चॅनलवर त्या वेळी काय चालू आहे आणि तीनशे एपिसोड चालेल एवढं यात काही आहे का. त्यामुळे तिथे जायच्या आधी त्या चॅनलचे सगळे स्लॉट निदान महिनाभर बघा. टीव्हीवर काय किती बघितलं जातं ते मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे दर गुरुवारी येतात, मराठीत कुठली सिरियल वर आहे हे बातम्यांतही येतं, ते वाचत राहा. पायलट, म्हणजे नमुन्याचा एपिसोड, मागितला तर खर्च कोण देणार हे आधी विचारा आणि लेखी घ्या.

डेली सोप चालवणं म्हणजे बँक सांभाळणं

अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वगळून साधारण २०-२२ मिनिटं भरायची असतात, आठवड्यातून सहा वेळा, कधी सात, शिवाय महाएपिसोड. म्हणजे दिवसाला जवळजवळ एक एपिसोड शूट झालाच पाहिजे. ऑन एअर जाताना हातात पंधरा-वीस एपिसोडची बँक असेल तर तुम्ही माणसासारखे काम कराल, बँक दोनवर आली की रात्री दोनला शूट, पहाटे एडिट, संध्याकाळी टेलिकास्ट असं सुरू होतं आणि लोक आजारी पडतात. बँक कमी होण्याचं कारण बहुतेक वेळा सेटवर नसतंच, ते स्क्रिप्टमध्ये असतं. चॅनलकडून ट्रॅक बदलून आला, पटकथा पुन्हा लिहिली, संवाद सेटवर उशिरा पोचले, कलाकार मेकअप करून बसलेत आणि बारा तासांच्या शिफ्टमधले चार तास गेले. यावर मला माहीत असलेला एकच उपाय म्हणजे लेखनावर पैसे वाचवू नका. कथा, पटकथा, संवाद वेगवेगळ्या माणसांना द्या, त्यांना आठवड्याला निदान एक दिवस चॅनलच्या क्रिएटिव्हबरोबर समोरासमोर बसवा आणि गुरुवारचे आकडे बघून घाबरून शुक्रवारी अख्खी गोष्ट फिरवायची वेळ आली तरी पुढच्या पाच एपिसोडची पानं लॉक ठेवा.

बँक का लागते ते २०२१ ने पण दाखवलं. त्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं, बऱ्याच मराठी मालिका युनिट घेऊन गोव्याला गेल्या, रिसॉर्टमध्ये राहून घरातले सीन तिथेच उभे केले, आणि मे महिन्यात गोव्यातही परवानग्या थांबल्या. ज्यांच्याकडे एपिसोड शिल्लक होते त्यांना विचार करायला दिवस मिळाले.

लोकेशनचं म्हणाल तर मुंबईच पाहिजे असं काही नाही. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी, मढचे बंगले, ठाण्याचा घोडबंदर रोड, मीरा रोड, नायगाव इथे युनिट जवळ पडतं, पण भाडं आणि ट्रॅफिक दोन्ही खातात. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या आकेरीच्या वाड्यात झाली, 'लागिरं झालं जी' सातारा जिल्ह्यात, कोल्हापुरात तर चित्रनगरी आहेच, आणि या मालिकांना जो वेगळा रंग आला, बोली आली, गावातली खरी माणसं पडद्यावर आली, ते मुंबईच्या सेटवर आलं नसतं असं मला मनापासून वाटतं. फक्त बाहेरगावी युनिटची राहण्या-जेवणाची सोय तुमच्यावर येते, कलाकाराला मुंबईत नाटकाचा प्रयोग असेल तर त्याच्या तारखा जुळवाव्या लागतात, आणि गावाशी नातं टिकवावं लागतं. ग्रामपंचायतीला आधी भेटा, ज्यांच्या घरात शूट आहे त्यांना भाडं वेळेवर द्या, रात्री जनरेटर किती वाजता बंद होईल ते सांगा आणि तसंच वागा. सरकारी जागांच्या परवानगीसाठी महाराष्ट्र फिल्म सेलची एक खिडकी योजना आहे, ऑनलाइन अर्ज होतो, शूटच्या आदल्या दिवशी नाही, आधी करा.

युनिटबद्दल एवढंच सांगतो, रोजंदारीवरच्यांचे पैसे चॅनलच्या पेमेंटला बांधू नका. स्पॉटदादा, लाइटमन, मेकअप-हेअरची माणसं, ज्युनिअर आर्टिस्ट यांचं वेगळं खातं काढा आणि त्यात दोन महिन्यांचे पैसे कायम ठेवा, नफा नंतर बघा. सिने-टीव्ही कामगारांच्या फेडरेशनचे नियम आहेतच पण नियमासाठी नाही, ही माणसं सकाळी सात वाजता कर्जत-विरारहून येतात म्हणून. शिफ्ट संपली की पॅकअप, उशिरा झालं तर कन्व्हेयन्स, बायकांना रात्री घरापर्यंत गाडी. दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने लागतेच, सेटवर तिची नावं आणि नंबर दिसतील असे लावा. सेट म्हणजे प्लायवूड, कापड, थर्माकोल आणि वर तापलेले लाइट, तेव्हा फायर एक्स्टिंग्विशर, मोकळे दरवाजे आणि विमा यात काटकसर नको.

रिअ‍ॅलिटी शो करायचा असेल तर

इथे विकायची वस्तू म्हणजे फॉरमॅट, शोचा ठरलेला साचा. 'बिग बॉस मराठी' २०१८ मध्ये आलं, ते मूळचं १९९९ चं डच 'बिग ब्रदर', म्हणजे फॉरमॅट विकत घेतलेला, नियमांची जाडजूड बायबल, शंभरेक कॅमेऱ्यांच्या घरात जाणारं काम, ते नव्या कंपनीचं नाही. त्यापेक्षा 'होम मिनिस्टर'चा अभ्यास करा. २००४ मध्ये सुरू झालेला शो, एक सूत्रसंचालक, रोज वेगळं घर, साधे खेळ, शेवटी पैठणी. सेट नाही, परीक्षक नाहीत, पण नियम इतके पक्के की कुठल्याही गावात, कुठल्याही चाळीत तोच शो उभा राहायचा आणि बघणाऱ्या बाईला वाटायचं उद्या माझ्या घरी येतील. तुमचा फॉरमॅट दोन वाक्यांत सांगता आला पाहिजे, त्यात दर एपिसोडला काहीतरी पणाला लागलं पाहिजे, आणि स्पर्धक बदलले तरी शो तसाच राहिला पाहिजे. मग नियमावली, राउंड, गुण, टाय झाला तर काय, एपिसोडची रचना असं सगळं लिहून काढा, मघाशी म्हटलं तसं जेवढा तपशील जास्त तेवढा तो तुमचा.

सिरियलपेक्षा इथे शूट कमी दिवस, पण एका दिवसाचा खर्च फार. मल्टिकॅम, स्टेज, एलईडी, ऑडियन्स, परीक्षकांच्या तारखा, त्यामुळे दिवसाला दोन एपिसोड काढायचं प्लॅनिंग करतात. फुटेज डोंगराएवढं येतं, सेटवरच लॉगिंग करणारा माणूस ठेवा, तासा-मिनिटासकट कोण काय बोललं लिहिणारा, नाहीतर एडिटर चार दिवस फक्त शोधत बसेल.

स्पर्धकांकडून सही घेताना करार मराठीत द्या, वाचायला घरी न्यायला द्या. शूट किती दिवस, येण्या-जाण्याचा खर्च कोणाचा, बक्षिसावर टॅक्स कापला जातो, तुमचं आयुष्य एव्हीमध्ये (स्पर्धकाची ओळख करून देणाऱ्या छोट्या व्हिडिओत) कसं दाखवणार, हे तोंडी पण सांगा. एखाद्याच्या घरची गरिबी किंवा वडिलांचं आजारपण दाखवायचं असेल तर तो कट त्याला आधी दाखवा. एका शब्दाचा संदर्भ तोडून दुसरीकडे जोडला की टीआरपी येईलही, पण ते माणूस गावात परत जाऊन राहणार असतं.

आणि लहान मुलं असतील तर इथे अजिबात सवलत घेऊ नका. १४ वर्षांखालच्या मुलांसाठी २०१७ चे नियम स्पष्ट आहेत, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त विश्रांतीशिवाय नाही, ज्या जिल्ह्यात शूट आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी, पाच मुलांमागे निदान एक जबाबदार माणूस, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही, शाळा बुडू द्यायची नाही, आणि मानधनातली किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत फिक्समध्ये. मुलाची इच्छा नसेल तर त्याला उभं करता येत नाही, आईवडील हो म्हणत असले तरी. म्हणून शेड्यूल मुलांभोवती लावा, त्यांचे सीन किंवा गाणी सकाळी उरका, परीक्षकांची फिलर बडबड नंतर. एलिमिनेशनच्या वेळी रडणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर कॅमेरा झूम करायचा की नाही हे त्या क्षणी पीसीआरमध्ये (कंट्रोल रूममध्ये) ठरवू नका, नाही असं आधीच लिहून ठेवा.

बंद व्हायच्या दिवसाची तयारी पहिल्याच करारात करा. टीआरपी पडला की चॅनल थोड्या दिवसांच्या नोटिसवर शो थांबवू शकतं, असं कलम बहुतेक असतंच. ते काढून टाकतील असं नाही, पण किमान किती एपिसोडची हमी, नोटीस किती दिवसांची, शूट होऊन पडलेल्या पण न दाखवलेल्या एपिसोडचे पैसे, सेट मोडायचा खर्च कोणाचा, हे लिहून घ्या. वॉर्डरोब, फर्निचर, प्रॉपर्टी तुमच्या पैशाने घेतलेली असेल तर ती तुमचीच राहील हेही, कारण पुढच्या शोला तेच सोफे नवं कापड लावून उभे राहतात. मास्टर फुटेजच्या हार्ड डिस्क चॅनलला देताना सही-शिक्क्याची पोच घ्या, आणि पोच, बिलं, मेल हे सगळं शेवटचं पेमेंट खात्यात येईपर्यंत एका फाइलमध्ये ठेवा, कारण शो बंद झाल्यावर चॅनलमधली तुमची ओळखीची माणसं बदललेली असतात आणि नव्या माणसाला कागदच दाखवावा लागतो.